स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली एसएमडी सोल्डरिंग : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी तापमान राखणारे सोल्डरिंग स्टेशन, हॉट एअर गन आणि दोन्ही डोळ्यांनी पाहता येणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप घेतला. तेव्हापासून बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, माडीवरच्या खोलीत, पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारी छोटी सर्किटे मी याच साहित्यावर जोडतो आहे. त्यांतले भाग एसएमडी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर करायचे बारीक भाग, असतात. यातली मायक्रोस्कोपची खरेदी मी सर्वांत शेवटी आणि कां-कूं करत केली होती. आज तीच पहिली करायला हवी होती असे माझे ठाम मत झाले आहे.

स्टेशनबद्दल थोडक्यात सांगतो. ६३/३७ प्रमाणातले कथील-शिशाचे सोल्डर १८३ अंशांना वितळते आणि शिसेविरहित सोल्डरला सुमारे २१७ अंश लागतात, पण बिट, म्हणजे आयर्नचे तापणारे टोक, मी ३३० च्या आसपास ठेवतो, कारण बोर्डावरचे तांबे उष्णता ओढून घेते. सुईसारखे टोकदार बिट बारीक कामाला योग्य, ही माझी समजूत पहिल्याच महिन्यात खोटी ठरली. चपट्या टोकाचे बिट आणि भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट पसरावे म्हणून लावायचा राळयुक्त पदार्थ) असेल तर सोल्डर आपणहून पायांवर चढते. धूर फ्लक्समधल्या राळेचा असतो, तरीही पंखा बाहेरच्या दिशेने लावलेला बरा, आणि शिशाचे सोल्डर हाताळल्यावर हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये.

मायक्रोस्कोपचे मोल मला एका बोर्डाने शिकवले. त्यावर ४८ पायांची चिप होती आणि दोन पायांमधले अंतर अर्धा मिलिमीटर. बोर्ड कधी चाले, कधी मध्येच बंद पडे. मल्टिमीटरने मी प्रत्येक पाय दोनदा तपासला आणि प्रत्येक पायाला बीप आला, म्हणजे जोड लागलेला दिसत होता. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत उभी हयात घालवलेले आमचे काका शेजारी बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, "अरे, प्रोब कुठे टेकवतोस? पायावर की पट्टीवर?" पट्टी म्हणजे बोर्डावरचे तांबे, ज्यावर पाय सोल्डर होतो. मी पायावरच टेकवत होतो, आणि प्रोबच्या दाबाने अधांतरी असलेला पाय तेवढ्यापुरता पट्टीला चिकटत होता. मग मायक्रोस्कोपखाली शिवणकामाच्या सुईने एकेक पाय बाजूने हलकेच ढकलून पाहिला, तेव्हा कोपऱ्याजवळचा एक पाय केसभर सरकला. तो ड्राय सोल्डर, म्हणजे वरून लागल्यासारखा दिसणारा पण पट्टीला न धरलेला जोड, होता. आता मी एक प्रोब त्याच पट्टीवर पुढे लागलेल्या सुट्या भागावर टेकवतो आणि दुसरा पायाच्या वरच्या खांद्याला, दाब न देता.

पाहण्यातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. चांगल्या जोडात सोल्डर पायाच्या टाचेमागे अंतर्वक्र उतारासारखे चढलेले असते आणि त्याची कड पट्टीवर पातळ होत मिसळून जाते. गोळा होऊन बसलेले सोल्डर कितीही चकाकले तरी त्यावर विश्वास ठेवू नये. शिसेविरहित जोड मुळातच थोडा मंद दिसतो, म्हणून चकाकीपेक्षा आकार पाहावा. मायक्रोस्कोपबरोबर आलेल्या गोल दिव्याने सगळे जोड सारखेच उजळतात आणि दोष लपतात. तो बंद करून एका बाजूने तिरपा टेबललॅम्प लावला की उचललेल्या पायाखाली काळी रेघ स्पष्ट दिसते.

तक्रारी आहेत. मूळ भिंगाखाली जागा इतकी कमी होती की आयर्न धरलेला हात अवघडायचा आणि फ्लक्सचा धूर काचेवर बसायचा. ०.५ पटीचे जोडभिंग लावल्यावर मोठेपणा निम्मा झाला, पण हात मोकळा झाला, आणि खसखशीच्या दाण्याएवढा, १ × ०.५ मिलिमीटरचा ०४०२ रेझिस्टर चिमट्याने नीट बसवता येऊ लागला. त्याआधी वापरलेल्या यूएसबी कॅमेऱ्यात खोली समजत नसे आणि पडद्यावरचे चित्र हाताच्या मागे राहत असे. त्याने तपासणी होते, सोल्डरिंग नाही.

ज्यांचे जोड पोटाखाली दडलेले असतात अशा बीजीए चिपपुढे मात्र मायक्रोस्कोपचाही इलाज चालत नाही, तिथे एक्स-रेच लागतो. त्यामुळे माझ्या आराखड्यांत मी आता बाहेर पाय असलेलीच चिप निवडतो, मग बोर्ड बोटभर मोठा झाला तरी चालेल.