ज्येष्ठमध चूर्ण, पाच महिन्यांनंतर: पोट शांत, पण पाय सुजले

डब्यात अजून पाव किलो शिल्लक आहे आणि ते मी खाणार नाही, म्हणून हे लिहितोय.

जूनमध्ये एंडोस्कोपीत अल्सर निघाला. गुडघ्यासाठी वर्षभर घेतलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, त्यात पोटात अल्सर करणारा एच. पायलोरी जंतू पॉझिटिव्ह. अँटिबायोटिकचा 14 दिवसांचा कोर्स झाला, तरी रात्री दोनला पोटात आग पडायची. आईला आम्लपित्तावर वैद्य ज्येष्ठमध द्यायचे, ते आठवलं. काष्ठौषधीच्या दुकानात 100 ग्रॅमला 90 रुपये, किलो घेतलं तर 600. किलोच आणलं.

पहिली तक्रार चूर्णाचीच. वस्त्रगाळ म्हणून दिलं, पण घोटाघोटाला काथ्यासारखे पिवळट तंतू घशात अडकायचे. घरी जुन्या मलमलमधून गाळलं तर वाटीभर चोथा निघाला. वजनाचे पैसे मोजल्यावर हा चोथा मी का विकत घ्यायचा? दोनदा डबा घेऊन गेलो. "काका, मूळ आहे, तंतू असणारच," एवढंच उत्तर. पावसाळ्यात त्याचे गोळे झाले ते वेगळंच. शेवटी रोज रात्री गाळत बसायचो.

सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा चमचा, दिवसाला साधारण 5 ग्रॅम. तिसऱ्या आठवड्यात रात्रीची जाग थांबली. तेव्हा लिहिलं असतं तर तंतूंचा एक स्टार कापून चार दिले असते.

नोव्हेंबरात मोजे काढल्यावर घोट्यावर खोल वळ दिसायला लागला. अंगठ्याने दाबलं की खळगा तसाच राहायचा. बीपी 168/100, माझं कधी 130 च्या वर गेलेलं नाही. पोटॅशियम 2.9, ते 3.5 च्या खाली जायला नको. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, आणखी काय घेता? तिसऱ्यांदा ज्येष्ठमधाचं नाव निघालं. मी ते औषधात धरतच नव्हतो.

त्यातला गोड घटक म्हणजे ग्लायसिरायझिन. किडनीत कॉर्टिसॉल हे हार्मोन निकामी करणारं एक एन्झाइम असतं, त्यालाच हा अडवतो. मग शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीतून जातं. युरोपात रोज 100 मिलिग्रॅमच्या वर घेऊ नका असं सांगतात. ज्येष्ठमधाच्या मुळीत हा घटक 4 टक्के धरला तरी माझ्या पोटात रोज 200 जात होतं. आणि ही गोष्ट नवी नाही. 1940 च्या दशकात रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरने अल्सरच्या रुग्णांना हाच अर्क दिला होता. अल्सरला आराम पडला, अंगावर सूज आली. पुढे ब्रिटनमध्ये यापासून कार्बेनॉक्सोलोन हे अल्सरचं औषध बनलं, त्यालाही हाच त्रास. एवढं जुनं माहीत असलेलं माझ्या पाकिटावर एका ओळीत नाही. तिथे छापलंय 'पूर्णतः निर्धोक'.

चूर्ण बंद केल्यावर तीन आठवड्यांत सूज उतरली, बीपी 134. जंतूची तपासणी निगेटिव्ह आली. म्हणजे अल्सर भरला तो मुख्यतः त्या 14 दिवसांच्या कोर्सने, असं आता वाटतं. चूर्णाने आग शमली असेल, नाही म्हणत नाही.

सध्या ग्लायसिरायझिन काढलेल्या, डीजीएलच्या चघळायच्या गोळ्या घेतोय, डॉक्टरांना विचारून. महाग आहेत. महिन्याभरात सूज नाही, पण फरकही फारसा नाही; ही बाटली संपली की दुसरी आणणार नाही.

परवा उरलेला डबा घेऊन दुकानात गेलो. पैसे मागितले नाहीत. बीपीवाल्यांनी विचारून घ्यावं, एवढी चिठ्ठी पाकिटावर लावा म्हटलं. दुकानदाराने माझा पोटॅशियमचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि मुलाला कागद आणायला सांगितलं. शनिवारी बघून येणार आहे, चिठ्ठी लागली का.