सी३आर आणि स्क्लेरल लेन्स: पुण्यातील एका नेत्ररुग्णालयाचा अनुभव

माझ्या मुलीला दोन्ही डोळ्यांत केराटोकोनस असल्याचे निदान झाल्यावर पुण्यातील एका नेत्ररुग्णालयात तिच्यावर सी३आर, म्हणजेच कॉर्नियल क्रॉसलिंकिंग, हा उपचार झाला आणि पुढे तेथेच तिला स्क्लेरल प्रकारच्या कॉन्टॅक्ट लेन्स मिळाल्या. या दोन विभागांविषयी माझे मत सारखे नाही.

या आजारात कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन शंकूच्या आकारात पुढे येतो. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे विकसित झालेल्या मूळ पद्धतीनुसार कॉर्नियाचा वरचा थर काढून अर्धा तास रायबोफ्लेविनचे (ब-२ जीवनसत्त्वाचे) थेंब घालतात आणि नंतर अर्धा तास अतिनील किरण सोडतात. त्याने कॉर्नियातील कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंमधील बंध वाढून कॉर्निया ताठ होतो. शल्यविशारदांचे काम चोख होते. पहिल्या काही दिवसांतील वेदना, उजेडाचा त्रास, डोळे न चोळण्याची सक्त ताकीद, औषधांच्या वेळा हे सर्व त्यांनी लिहून दिले होते.

मात्र या उपचाराने आजाराची वाढ थांबते, गेलेली नजर सहसा परत येत नाही आणि सुरुवातीला तर अधिकच धूसर दिसू शकते, ही गोष्ट संमतीपत्रात छापलेली असूनही मुलीशी बसून कोणी बोलले नाही. उपचारानंतर चष्मा सुटेल या आशेवर असलेली मुलगी उपचारानंतर जखम झाकायला बसवलेली पट्टीची लेन्स निघाल्यावर अबोल झाली. रात्री एका दिव्याचे अनेक दिवे दिसत म्हणून तिने स्कूटर सोडली. समोरून येणारी मैत्रीण ओळखू येत नसे आणि लोकांना तो गर्व वाटे. तपासणीत टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, स्थिर असल्याने ‘उत्तम’ असा शेरा मिळे, आणि त्याच दिवशी ती घरी येऊन रडत असे. हे दुःख तिच्या एकटीचे नाही. केराटोकोनसच्या रुग्णांवरील अमेरिकेतील क्लेक (CLEK) या अभ्यासाच्या 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, 25 प्रश्नांच्या प्रश्नावलीच्या आधारे, केराटोकोनसच्या रुग्णांचे जीवनमान आजाराच्या तीव्रतेच्या मानाने फारच खालावलेले आढळले होते. अशी प्रश्नावली उपलब्ध असताना रुग्णालयाने ती वापरू नये, याचे मला वाईट वाटते.

लेन्स विभागात चित्र वेगळे होते. तेथील ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्मा-लेन्स ठरवणाऱ्या) ताईंनी तक्ता वाचायला लावण्याआधी विचारले, “तू काय काय करायचं सोडलंस?” तिच्या उत्तरांवरून त्यांनी लेन्सची निवड आणि वापराचे तास ठरवले. ही लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि तिच्याखालील सलाईनचा थर कॉर्नियाचा खडबडीतपणा झाकतो, त्यामुळे चष्म्याने न साधलेली स्पष्टता मिळाली. ती घालताना बुडबुडा राहिला की पुन्हा काढावी लागते, दुपारनंतर कधी नजरेसमोर धुके दाटते, किंमतही मध्यमवर्गीय घराला जड जाते. नळाचे पाणी तर लेन्सला लागताच कामा नये. तरीही मुलगी पुन्हा वर्गात मागच्या बाकावर बसू लागली, आणि माझ्या लेखी त्या विभागाला पूर्ण गुण देण्यास एवढे पुरेसे आहे.

सी३आरसाठी हे रुग्णालय मी निःशंकपणे सुचवेन. फक्त संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांकडून नजरेविषयीची अपेक्षा रुग्णासमोरच स्पष्ट करून घ्यावी आणि लेन्स विभागाची पहिली भेट उपचाराच्या आधीच मागून घ्यावी.