रंगांच्या वर्कशीटचं पीडीएफ पॅक : घेण्यासारखं आहे, पण सगळी पानं छापत बसू नका

माझ्याकडे घरीच छोटा प्लेग्रुप आहे, अडीच ते चार वर्षांची मुलं येतात. रंग शिकवायला काहीतरी तयार हवं होतं म्हणून ऑनलाइन एक पीडीएफ पॅक घेतलं, १९९ रुपयांना, एकदा डाउनलोड केलं की हव्या तेवढ्या प्रिंट काढा. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण अशी पॅकं साधारण एकाच साच्यातली असतात आणि मी लिहितेय ते बहुतेकांना लागू पडेल.

आधी चांगलं सांगते, कारण त्यातली काही पानं खरंच सोनं आहेत. वर छोटासा रंगीत ठिपका, खाली मोठ्ठं रिकामं वर्तुळ, बस. मुलांनी घरभर फिरून त्या रंगाच्या वस्तू शोधायच्या आणि वर्तुळात आणून ठेवायच्या. पिवळ्याच्या दिवशी लिंबू आलं, हळकुंड आलं, झेंडूची पाकळी, चणाडाळ, कुठल्यातरी बाटलीचं झाकण. सगळं शेजारी शेजारी मांडल्यावर एक मुलगी हळकुंडावर बोट ठेवून म्हणते, ताई हा पण पिवळाच आहे पण मळका पिवळा आहे. तीन वर्षांच्या मुलीला छटा कळली हो! मी शिकवलं नव्हतं, पानावर लिहिलेलं नव्हतं, वस्तू एकमेकींजवळ आल्या म्हणून तिला दिसलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला पानं, फुलं, बिया, शंखशिंपले अशा आसपासच्या वस्तूंवरच बालवाडी उभी केली, ते का हे अशा वेळी नीट पटतं. फक्त एक, डाळ-मणी-बिया असतील तेव्हा समोरून हलू नका, या वयाची मुलं नाकात आणि तोंडात घालतात.

दुसरी आवडलेली पानं म्हणजे नुसत्या काळ्या रेघांची चित्रं. रंग मुलाने भरायचा. आमच्याकडच्या झेरॉक्सवाल्याकडे ब्लॅक अँड व्हाइट दोन रुपये आणि कलर दहा रुपये, म्हणजे इथे पैसेही वाचतात आणि हातात खडू धरून लाल कुठला ते मुलालाच ठरवावं लागतं. साधा ७५ जीएसएमचा कागद मेणखडूला पुरतो, वॉटरकलर मात्र देऊ नका, कागद लगेच सुरकुततो.

आता तक्रार. पॅकमधली निम्म्याहून जास्त पानं फुल कलर आहेत आणि तिथेच घोळ आहे. मोबाइलवर निळा आणि जांभळा छान वेगळे दिसतात, प्रिंट काढली की दोन्ही जवळपास सारखे. स्क्रीन लाल-हिरव्या-निळ्या उजेडातून रंग दाखवते आणि प्रिंटर निळसर सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई मिसळून रंग बनवतो, त्यामुळे स्क्रीनवरचा भडक निळा कागदावर जांभळट होतो. हे बनवणाऱ्याने एकदा छापून बघितलं असतं तरी कळलं असतं! जे पान रंग ओळखायला शिकवतं त्यावरचाच रंग चुकीचा असेल तर मूल बिचारं काय ओळखणार? म्हणून आधी एकच पान काढा, खिडकीशी दिवसाच्या उजेडात बघा, खडूच्या रंगाशी ताडून बघा, मग बाकीची छापा.

शिवाय पहिल्याच पानावर बारा रंग. मॉन्टेसरीच्या रंगपट्ट्यांची पहिली पेटी फक्त लाल, पिवळा, निळा या तिघांच्या जोड्यांची असते, आधी सारखे रंग जुळवायचे, नाव नंतर. मीही आता तीनच चौकोन कापून देते, बाकीचे ड्रॉवरमध्ये.

चित्रं पण बघून घ्या. निळ्यासाठी ब्लूबेरी दिलीय, आमच्या एकाही मुलाने ती पाहिलेली नाही. गोकर्णाचं फूल दिलं असतं तर! लाल म्हणजे अॅपल आणि स्ट्रॉबेरी, आपली लाल एसटी कुठेच नाही. पोपटी, डाळिंबी, मोरपिशी हे तर आजीच्या साड्यांमुळे मुलांच्या कानावर रोज पडतात, तेही गायब.

कार्डांवरची वाक्यं मात्र मनापासून आवडली. ‘केळं पिवळं आहे’, ‘फुगा लाल आहे’, म्हणजे वस्तू आधी आणि रंग नंतर. अमेरिकेत मायकेल रॅम्सकर आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास आहे, दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना ‘लाल फुगा’ पेक्षा ‘फुगा लाल आहे’ असं ऐकवल्यावर रंग जास्त चांगले कळले. वस्तूवर लक्ष आधीच गेलेलं असतं, मग रंगाचा शब्द तिला चिकटतो. घरी बोलताना पण असंच बोला, त्याला ना प्रिंट लागते ना पैसे.

प्रत्येक पानाखाली बरोबर-चूकचे चौकोन आहेत ते मी कापूनच टाकते. या वयात रंगांची नावं उलटसुलट होणारच. मूल चार वर्षांचं झालं आणि तरी लाल-हिरव्यात सतत गोंधळतंय, नुसतं नावातच नाही तर सारखे रंग जुळवतानासुद्धा, तर न ओरडता डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. रंगांधळेपणा मुलींपेक्षा मुलांमध्ये खूपच जास्त असतो आणि पालकांना वाटतं पोरगं लक्ष देत नाही.

लॅमिनेशन फक्त जुळवायच्या कार्डांना करा, त्यावर खडू चालत नाही, व्हाइटबोर्ड मार्कर चालतो आणि पुसता येतो.

माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार, ते तिन्ही वर्तुळाच्या, रेघांच्या पानांना आणि वाक्यांच्या कार्डांना. घेणार असाल तर आधी सॅम्पल पानं मागवा, काळ्या रेघांची पानं किती आहेत ते मोजा आणि बहुतेक सगळी रंगीतच असली तर ते पैसे खडूच्या चांगल्या डबीवर घाला.