जुन्या संगणकासाठी डीव्हीडी रायटर घेताना: कोर्ट नाक्यावरच्या कार्यालयातून

ठाण्याच्या कोर्ट नाक्याजवळ वकिलांच्या कार्यालयात काम करणाऱ्या माणसाला डीव्हीडी रायटर अजूनही रोजच्या गरजेची वस्तू वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) नोंदवावी लागते. सीसीटीव्हीचे चित्रण किंवा फोनवरचे संभाषण पेनड्राइव्हवरही देता येते. पण एकदाच लिहिता येणारी आणि पूर्ण बंद केलेली डिस्क (सीडी-आर किंवा डीव्हीडी-आर) नंतर कोणाला बदलता येत नाही, त्यामुळे आमच्याकडे आजही तिलाच पसंती आहे. दुसरीकडे, ज्या संगणकावर हे काम चालते तो विंडोज ७ वरचा जुना डेस्कटॉप आहे. वर्षानुवर्षांचे मराठी दावे आणि प्रतिज्ञापत्रे श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये त्याच संगणकावर आहेत आणि त्या सॉफ्टवेअरचा डोंगलही (परवान्याची किल्ली) त्यालाच लावलेला आहे. संगणक बदलणे शक्य नव्हते, म्हणून त्याचा थकलेला रायटर बदलण्याचे ठरले.

बाजारात गेल्यावर खोक्यावरचा २४ एक्स (मूळ वेगाच्या चोवीस पट) हा आकडा सर्वांत आधी डोळ्यांत भरतो, आणि जुन्या संगणकाच्या बाबतीत सर्वांत कमी महत्त्व त्यालाच द्यावे. बाजारातल्या बहुतेक डीव्हीडी-आर १६ एक्सपर्यंतच्या असतात, आणि २४ एक्स हा वेगही डिस्कच्या बाहेरच्या कडेला पोहोचल्यावरच गाठला जातो. खरा प्रश्न रायटर कोणत्या केबलने जोडायचा आणि त्याला वीज कोठून मिळणार, हा आहे. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी कॅबिनेटची बाजूची पत्री उघडून पाहावी. मदरबोर्डवर सात पिनांचे चिंचोळे, नव्या पद्धतीचे साटा पोर्ट असतील तर काम सोपे होते. नुसता जुन्या पद्धतीचा, चाळीस पिनांचा रुंद आयडीई कनेक्टर असेल आणि त्यातून राखाडी पट्टीसारखी केबल निघत असेल, तर नव्या रायटरसाठी मदरबोर्डच्या पीसीआय खाचेत साटा कार्ड बसवावे लागते, आणि अशा कार्डावर लावलेल्या रायटरमधून विंडोजची सीडी टाकून संगणक सुरू करता येईलच असे नाही. वापरलेले आयडीई रायटर नौपाड्यातल्या दुरुस्तीच्या दुकानांत चौकशी केल्यास मिळू शकतात. तथापि त्यांचा लेसर किती झिजला आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून दुकानातच एक पूर्ण डिस्क लिहून पाहिल्याशिवाय ते घेऊ नयेत.

विंडोज एक्सपी चालवणाऱ्यांनी रायटर बदलण्याआधी आणखी एक गोष्ट अवश्य तपासावी. त्या विंडोजमध्ये आयडीई वाहिनीवर सहा वेळा त्रुटी नोंदली गेली की ती वाहिनी डीएमए ही वेगवान पद्धत सोडून पीआयओ या संथ पद्धतीवर उतरते आणि आपोआप वर येत नाही. मग रायटर रखडतो, संगणक गोठल्यासारखा होतो आणि घरचे लोक रायटर खराब झाला असे धरून चालतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती वाहिनी काढून टाकून संगणक पुन्हा सुरू केला आणि केबल बदलली, तर कित्येकदा जुनाच रायटर पूर्ववत चालू लागतो.

आमच्या संगणकाला साटा पोर्ट असल्यामुळे आत बसणारा एलजीचा जीएच२४एनएसडी१ आणि बाहेरून जोडायचा त्याच कंपनीचा जीपी६५एनबी६० असे दोन पर्याय समोर होते. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, गोखले रस्त्याच्या बाजूच्या एका छोट्या दुकानात दोन्ही मिळाले आणि दुकानदाराने दोन्ही लावून दाखवले, ही मोठी सोय झाली. बाहेरचा रायटर देखणा आहे, वजनाला हलका आहे आणि त्याला वेगळा अडॅप्टर लागत नाही. मात्र सगळी वीज त्याला यूएसबीतून घ्यावी लागते. यूएसबी २.० च्या एका पोर्टने ५०० मिलिअँपियर द्यावेत असा नियम आहे आणि डिस्क लिहिताना लेसर व मोटर एकाच वेळी चालू लागली की त्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त ओढ लागते. जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतून लांब, बारीक तारांनी जोडलेले असतात, त्यामुळे तिथे व्होल्टेज आणखी पडतो आणि डिस्क अर्ध्यावर वाया जाते. हा रायटर घ्यायचाच असेल तर तो मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावावा आणि मध्ये साधा, स्वतःची वीज नसलेला यूएसबी हब ठेवू नये. फारच जुन्या, यूएसबी १.१ च्या संगणकावर तर त्याचा विचारच सोडून द्यावा, कारण तिथे सेकंदाला १२ मेगाबिटची कमाल मर्यादा आहे आणि डीव्हीडीचा एक एक्स वेगच ११ मेगाबिटच्या घरात जातो.

आतला रायटर आम्ही घेतला. तो बाहेरच्यापेक्षा स्वस्त होता, आणि डिस्क फिरवण्यासाठी व लेसरसाठी लागणारी १२ व ५ व्होल्टची वीज त्याला थेट एसएमपीएसकडून (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून) मिळते. आमच्या एसएमपीएसला साटाची वीज-पिन शिल्लक नव्हती, म्हणून मोलेक्स या जुन्या वीज-पिनेवरून साटा करणारा कनव्हर्टर लावावा लागला. हा कनव्हर्टर निवडताना स्वस्तात जाऊ नये. एकसंध प्लॅस्टिकमध्ये तारा ओतलेले कनव्हर्टर तापून वितळल्याची उदाहरणे आहेत. ज्यात प्रत्येक तार वेगळी बसवलेली दिसते असा घ्यावा.

प्रत्यक्ष कामात हा रायटर अत्यंत भरवशाचा निघाला, पण त्या भरवशात वेगाच्या निवडीचा वाटा मोठा आहे. १६ एक्सची डीव्हीडी आम्ही ८ एक्सवर लिहितो. पूर्ण भरलेल्या ४.७ जीबीच्या डिस्कला सुमारे आठ मिनिटे लागतात आणि त्यानंतर पडताळणीला आणखी काही मिनिटे जातात. पण न्यायालयात तारखेला डिस्क उघडली नाही तर जे नुकसान होते त्यापुढे ही मिनिटे काहीच नाहीत. लिहून झालेली डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की लिहिलेला आणि कोरा भाग यांच्यामधली रेषा स्पष्ट दिसते. चांगल्या डिस्कवर लिहिलेला पट्टा आतून बाहेरपर्यंत एकाच छटेचा असतो. मध्येच गडद-फिकी वलये दिसली, तर पडताळणी यशस्वी झाली असली तरी ती प्रत आम्ही दाखल करत नाही.

विंडोज ७ मध्ये कोरी डिस्क टाकल्यावर दोन पर्याय विचारले जातात, आणि इथे बरेच जण घाईने पहिलाच निवडतात. पेनड्राइव्हप्रमाणे वापरण्याचा तो पर्याय न्यायालयीन कामासाठी अयोग्य आहे, कारण अशी डिस्क जुन्या संगणकांवर उघडेलच असे नाही आणि तिच्यात नंतर भर घालता येते. सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठीचा दुसरा पर्याय निवडावा, किंवा इमेजबर्न (ImgBurn) हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. त्यात लिहिण्याचा वेग ठरवता येतो आणि पडताळणीही होते, शिवाय ते एक्सपीवरही चालते. एक्सपीच्या स्वतःच्या सोयीतून सीडी लिहिता येते, डीव्हीडी नाही, हेही ध्यानात ठेवावे.

रायटर कितीही चांगला असला तरी डिस्क हलकी असेल तर त्याचा उपयोग नाही, आणि आजची खरी अडचण डिस्कचीच आहे. ज्या मोझर बेअरच्या सीडी एके काळी प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात मिळत, ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. बिननावाच्या सुट्या डिस्क अजूनही मिळतात. त्या घेऊ नयेत. व्हर्बॅटिमसारख्या परिचित नावाचा, सीलबंद स्पिंडल (डिस्कची चळत) घ्यावा आणि त्यातली पहिली डिस्क लिहून दुसऱ्या कंपनीच्या रायटरवर, शक्यतो एखाद्या जुन्या लॅपटॉपवर, वाचून पाहावी. आपल्याच रायटरवर वाचली गेलेली डिस्क न्यायालयाच्या संगणकावरही वाचली जाईल असे गृहीत धरता येत नाही, म्हणून जुना रायटर आम्ही टाकून न देता शेजारच्या संगणकात केवळ वाचण्यासाठी बसवला आहे आणि प्रत्येक प्रत त्यावर उघडून पाहिल्यानंतरच लिफाफ्यात घालतो.