ई-स्पोर्ट्सचा संघ काढायचाय: विकतचा स्लॉट घ्यावा की खुल्या सर्किटमध्ये उतरावं?

संघ काढायला निघालेला माणूस बहुतेक वेळा आधी बक्षिसांची यादी उघडतो, आणि तिथेच चुकतो. 'डोटा २'ची 'द इंटरनॅशनल' ही स्पर्धा २०११ मध्ये कोलोनला सुरू झाली तेव्हा एकूण बक्षीस होतं १६ लाख डॉलर. २०२१ मध्ये बुखारेस्टला ते ४ कोटींवर गेलं. जिंकलेल्या टीम स्पिरिटला त्यातले १ कोटी ८२ लाख मिळाले. पुढे दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, तीच टीम स्पिरिट तीच स्पर्धा पुन्हा जिंकली, पण या वेळी एकूण बक्षीसच सुमारे ३२ लाख होतं.

मधल्या काळात खेळ बुडाला नव्हता. पब्लिशर, म्हणजे खेळ काढून चालवणारी कंपनी, असलेल्या व्हॉल्व्हने आपल्या 'बॅटल पास'ची, म्हणजे स्किन (खेळातल्या सजावटी वस्तू) मिळवून देणाऱ्या पासची, विक्री बंद केली, एवढंच. २०२१ चं बक्षीस उभं राहिलं ते असं: मूळ १६ लाख व्हॉल्व्हचे, वरचे सगळे पासच्या विक्रीतले २५ टक्के. म्हणजे वरचे ३ कोटी ८४ लाख जमायला चाहत्यांनी साधारण १५ कोटी ३७ लाख डॉलरचे पास घेतले होते. पुढे पासची जागा स्किनशिवायच्या छोट्या 'कंपेंडियम'ने घेतली आणि बक्षीस आटलं. म्हणून खेळ निवडताना पहिला प्रश्न बक्षीस किती हा नसतो. पैशाचा नळ कुणाच्या हातात आहे, आणि त्यातला किती वाटा करारात लिहून मिळतो, हे आधी विचारायचं. खालच्या चारही मार्गांना हीच फूटपट्टी लावली आहे.

विकतचा स्लॉट

'लीग ऑफ लेजंड्स'च्या उत्तर अमेरिकी लीगने, म्हणजे एलसीएसने, २०१८ पासून १० स्लॉट, म्हणजे लीगमधल्या कायमच्या जागा, विकले. आधीपासून खेळणाऱ्या संघांना १ कोटी डॉलर, नव्यांना १ कोटी ३० लाख. खेळाडूचा किमान पगार वर्षाला ७५ हजार डॉलर ठरला. यातलं खरं आकर्षण एकच: खाली घसरून बाहेर पडायची भीती नाही, त्यामुळे प्रायोजकाशी तीन वर्षांचा करार छाती ठोकून करता येतो.

पण पडझड नसली की खर्चालाही लगाम राहत नाही. सगळे कायमचे आत असल्यामुळे चढाओढ पगारांवर आली, आणि लीगचं उत्पन्न त्या वेगाने वाढलं नाही. २०२३ संपताना एव्हिल जीनियसेस आणि गोल्डन गार्डियन्स बाहेर पडले आणि पुढचा हंगाम ८ संघांवर खेळवावा लागला.

'ओव्हरवॉच लीग'चा धडा याहून कडक आहे. २०१८ मध्ये १२ शहरांचे संघ घेऊन ती सुरू झाली. स्लॉटची किंमत २ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. पुढच्या वर्षी संघ २० झाले. सगळा हिशोब घरच्या मैदानावरच्या तिकीटविक्रीवर बेतलेला होता. २०२० मध्ये घरचे सामने सुरू झाले आणि काही आठवड्यांतच महामारीमुळे सगळं ऑनलाइन गेलं. २०२३ अखेर लीग गुंडाळली, तेव्हा बाहेर पडणाऱ्या संघाला ६० लाख डॉलर मिळाले. २ कोटींपुढे ६० लाख, आणि मधल्या सहा हंगामांचे पगार, प्रवास, प्रशिक्षक वेगळेच.

पार्टनर जागा, प्रवेशशुल्क नाही

'लीग ऑफ लेजंड्स' आणि 'व्हॅलोरंट'ची पब्लिशर असलेल्या रायटने 'व्हॅलोरंट'मध्ये २०२३ पासून वेगळी पद्धत आणली. तीन आंतरराष्ट्रीय लीग, प्रत्येकी १० संघ, पुढच्या वर्षी चीनची चौथी. जागेचे पैसे घेतले नाहीत. उलट संघांना वर्षाचा ठरावीक निधी आणि खेळात विकल्या जाणाऱ्या वस्तूंतला वाटा. २०२१ च्या 'चॅम्पियन्स' स्पर्धेच्या स्किनसंचातूनच १६ संघांना ७५ लाख डॉलर गेले होते, यावरून त्या वाट्याचं वजन कळतं.

अडचण अशी की इथे अर्ज करून निवडून यावं लागतं. मोठा चाहतावर्ग, स्वतःचं स्टुडिओ-पातळीचं प्रसारण, मागचे हिशोब: नव्या संघाकडे यातलं काहीच नसतं. बाहेरून येणाऱ्याला खालच्या पातळीवरून वर चढण्याच्या 'असेन्शन' स्पर्धेची चिंचोळी वाट आहे. तिथवर पोहोचेपर्यंत खालच्या पातळीवरचा खर्च स्वतःच्या खिशातून, आणि ती पातळी पैशाच्या दृष्टीने कोरडीठाक असते.

रायटने 'लीग ऑफ लेजंड्स'साठी २०२५ पासून जो जागतिक महसूल निधी आणला, त्याची विभागणी मुद्दाम पाहावी. ५० टक्के सर्व वरच्या फळीच्या संघांत, ३५ टक्के कामगिरीवर, १५ टक्के चाहतावर्ग किती जोडला यावर. तळाच्या संघालाही निम्म्या निधीत हिस्सा. आमच्या मते विकतच्या स्लॉटपेक्षा ही रचना कितीतरी शहाणी आहे.

खुली सर्किट

व्हॉल्व्हच्याच 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये जागा विकत मिळत नाही. २०२५ पासून व्हॉल्व्हचा नियम आहे: आयोजकाचे संघांशी व्यावसायिक लागेबांधे नकोत, आमंत्रणं क्रमवारीनुसारच द्यायची. त्याआधी काही मोठ्या लीगमध्ये भागीदार संघांना राखीव जागा असत. ती सोय गेली, नव्या संघाला दार उघडलं.

इथला पैसा बक्षिसात शोधू नये. मेजर, म्हणजे या खेळातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचं एकूण बक्षीस १२ लाख ५० हजार डॉलर, विजेत्याला ५ लाख. समजा करारात खेळाडूंचा वाटा ८० टक्के आहे: ४ लाख त्यांचे, संघाला १ लाख, तोही करापूर्वीचा आणि अनेकदा काही महिन्यांनी हातात पडणारा. पाच खेळाडू, प्रशिक्षक आणि विश्लेषक वर्षभर पोसायला तो पुरणार नाही. खरं उत्पन्न खेळात विकल्या जाणाऱ्या, संघांच्या आणि खेळाडूंच्या नावाच्या स्टिकरमधून येतं. पॅरिसच्या २०२३ च्या मेजरच्या स्टिकर विक्रीतून खेळाडू आणि संघांच्या वाट्याला ११ कोटी डॉलर आल्याचं व्हॉल्व्हनेच सांगितलं. बक्षिसाच्या ८८ पट. पण हा पैसा मेजरला पात्र ठरलेल्यांचाच. एका सामन्याने हुकलात की स्टिकर नाही, आणि वर्षाचं अंदाजपत्रक कोलमडतं.

नवखा इथे आणखी एका ठिकाणी अडकतो. व्हॉल्व्हच्या क्रमवारीत गुण संघाच्या नावाला चिकटत नाहीत, रोस्टरच्या, म्हणजे खेळणाऱ्या चमूच्या, गाभ्याला चिकटतात. पाचपैकी किमान तीन खेळाडू तेच राहायला हवेत. निकालही मागच्या सहा महिन्यांचेच धरले जातात, जुने झाले की वजन कमी. म्हणून तीन खेळाडूंचे करार एकाच महिन्यात संपू देऊ नयेत. दोघांचे १२ महिन्यांचे, दोघांचे २४ महिन्यांचे, एकाचा याहून वेगळ्या मुदतीचा, आणि प्रत्येकात बायआउटचा, म्हणजे करार मध्येच सोडवून घ्यायच्या रकमेचा, आकडा लिहिलेला. नाहीतर तिघं एकदम उठून गेले की तुमच्याकडे जर्सी, लोगो आणि ऑफिसचं भाडं उरतं, मानांकन त्यांच्याबरोबर जातं.

एकट्या खेळाडूवर पैसे

थोडक्यात: फायटिंग गेममध्ये रोस्टर एका माणसाचं. प्रवास, निवास, मानधन, संपलं. 'इव्हो'सारख्या स्पर्धा नाव नोंदवेल त्याला खुल्या आहेत, आणि 'स्ट्रीट फायटर ६'च्या कॅपकॉम कपमध्ये २०२४ पासून विजेत्याला १० लाख डॉलर मिळतात. दुसऱ्या क्रमांकापासून रक्कम मात्र धाडकन खाली येते. उत्पन्न म्हणून याकडे पाहू नये. नाव लोकांसमोर ठेवण्याचा हा स्वस्त मार्ग आहे.

| | विकतचा स्लॉट | पार्टनर जागा | खुली सर्किट |
|---|---|---|---|
| सुरुवातीची गुंतवणूक | प्रचंड | जागेला शून्य, तयारीला बरीच | कमी |
| हमीचं उत्पन्न | लीगच्या कमाईवर अवलंबून | वार्षिक निधी | नाही |
| गच्छंतीचा धोका | नाही, पण लीगच बंद पडू शकते | नूतनीकरणाच्या वेळी | दर सहा महिन्यांनी |
| विकून बाहेर पडणं | पब्लिशरची परवानगी लागते | अवघड | विकायला खेळाडूंचे करारच |

प्रायोजकाच्या पैशाबद्दल

टीएसएम या संघाने जून २०२१ मध्ये एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीशी नावाच्या हक्कांचा १० वर्षांचा २१ कोटी डॉलरचा करार केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स कोसळली. फेझ क्लॅन हा संघ जुलै २०२२ मध्ये ७२.५ कोटी डॉलर मूल्यांकनावर शेअर बाजारात उतरला, आणि पुढच्या वर्षी गेमस्क्वेअर या कंपनीने त्याला घेण्याचा जो सौदा जाहीर केला तो सुमारे १.७ कोटींचा होता. दोन्ही संघ खेळात नामांकित होते. साधा नियम ठेवा: एका प्रायोजकाचा वाटा उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका, आणि आधी हाती आलेल्या पैशावरच पगार ठरवा.

हाच नियम आयोजकांकडून येणाऱ्या पैशालाही लावा. सौदी अरेबियाच्या सॅव्ही गेम्सने जानेवारी २०२२ मध्ये ईएसएल आणि फेसइट या आयोजक कंपन्या मिळून दीड अब्ज डॉलरला घेतल्या. रियाधच्या २०२४ च्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये एकूण बक्षीस ६ कोटी डॉलरच्या वर होतं, आणि अनेक खेळांत मिळून अव्वल ठरलेल्या टीम फाल्कन्सला क्लब म्हणून वेगळे ७० लाख मिळाले. अनेक खेळांत संघ असलेल्या क्लबला हे फार सोयीचं. पण सर्किटमधला मोठा पैसा एकाच तिजोरीतून येतोय, याची नोंद अंदाजपत्रकात असू द्या.

सही करण्याआधी

महसूल-वाटा 'निव्वळ'वर आहे की 'ढोबळ'वर, आणि निव्वळ असेल तर कुठला खर्च आधी वजा होतो? स्लॉट विकताना पब्लिशर नकार देऊ शकतो का, कारण न देता? लीग बंद झाली तर भरलेल्या शुल्काचं काय? हप्ते उरले असतील तर तेही भरायचे का? लीगच्या प्रायोजकाचा स्पर्धक तुमच्या जर्सीवर चालतो का? सट्टा आणि क्रिप्टोच्या जाहिरातींवर बंदी आहे का? हा शेवटचा मुद्दा बरेच जण प्रायोजक आणल्यावर वाचतात.

हाती दोन वर्षांचा खर्च आहे, पण चाहतावर्ग नाही, अशा नव्या मालकाने खुल्या सर्किटमध्ये उतरावं: तरुण रोस्टर, लांब करार, आणि खेळाडू मोठा झाला की बायआउटवर विकण्याची तयारी. मोठं यूट्यूब चॅनेल आधीच चालवणाऱ्याने पार्टनर जागेच्या अर्जाची तयारी करावी. विकतचा स्लॉट फक्त त्यानेच घ्यावा ज्याला किमान महसुलाची लेखी हमी मिळते आहे. शिवाय पूर्ण रक्कम बुडाली तरी त्याचा मूळ धंदा डगमगता कामा नये. अशी हमी देणारा पब्लिशर भेटला, तर ती किती वर्षांची आहे तेवढं आधी पाहा.