कृती द्यावी की कोडं?

फ्लुइड मेकॅनिक्सची लॅब नव्यानं अंगावर आलेल्या एका तरुण सहकाऱ्यानं परवा विचारलं, "सर, जुनं मॅन्युअलच चालवू की सगळं प्रॉब्लेम-बेस्ड करून टाकू?" म्हणजे पायऱ्या लिहून दिलेली कृती द्यायची की मोकळं कोडं टाकायचं. चहा संपेपर्यंत माझं उत्तर अर्धंच झालं होतं. उरलेलं इथं लिहितो. गोव्यातल्या एका कॉलेजात मी दोन्ही प्रकार चालवून पाहिलेत, तेवढ्याच अनुभवावर बोलतोय.

मॅन्युअलची बाजू आधी मांडतो, कारण हल्ली तिला कुणी वाली उरलेला नाही. वीस मुलांची बॅच, दोन तास, सेमिस्टरला दहा प्रयोग. हे गणित मॅन्युअलनंच सुटतं. कुठला व्हॉल्व्ह अडकतो ते लॅब असिस्टंटला पाठ असतं, बाहेरच्या परीक्षकालाही काय विचारायचं ते ठाऊक असतं. शिवाय ज्याला मॅनोमीटरमधली (दाब मोजायच्या नळीतली) हवा काढता येत नाही, त्याच्यापुढे मोकळा प्रश्न टाकला तर तो नुसता नळ फिरवत बसतो. किर्श्नर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी २००६ साली हाच आक्षेप घेतला होता: नवख्याला वाट न दाखवता सोडलं, तर डोक्यावरचा भारच वाढतो. मला तो पटतो.

तरी मॅन्युअलवरून माझं मन उडालं, ते एका आकड्यामुळे.

व्ही-नॉचचा, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या प्लेटवरून पाणी सोडून प्रवाह मोजायचा प्रयोग सगळ्यांनाच माहीत आहे. हुक गेजनं पाण्याची पातळी घ्यायची, नॉचच्या तळाचं रीडिंग वजा करायचं, टाकी भरायला लागलेल्या वेळावरून प्रत्यक्ष प्रवाह काढायचा आणि सीडी, म्हणजे प्रत्यक्ष प्रवाह भागिले सैद्धांतिक प्रवाह, मांडायचा. आमच्याकडे तळाचं रीडिंग मुलं घेतच नसत. ते भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवलेलं होतं. एका पावसाळ्यात गंजलेली नॉच प्लेट काढून नवी बसवली, ती ४ मिलिमीटर वर बसली. भिंतीवरचा आकडा तसाच राहिला.

आता हिशेब करा. खरी उंची ६० मिलिमीटर असेल तर मुलं ६४ धरणार. सूत्रात उंचीचा अडीच घात आहे, म्हणजे सैद्धांतिक प्रवाह साडेसतरा टक्क्यांनी फुगणार आणि सीडी ०.६ च्या जागी ०.५१ च्या आसपास यायला हवा. त्या सेमिस्टरला तीन बॅचमधून साठ जर्नलं आली. साठांत ०.५१ एकाही जर्नलात नाही! सगळीकडे ०.६१, ०.६२, फार तर ०.६. ग्राफसुद्धा सुंदर. प्लेटची चूक मलाही चतुर्थीच्या सुट्टीनंतर, दुसऱ्याच कामासाठी टाकी उपसली तेव्हा कळली. त्याआधी साठही जर्नलांवर मी सही करून मोकळा झालो होतो.

मुलांना दोष देत नाही. उत्तर आधीपासून ठरलेलं असेल तर रीडिंग त्याच्यामागून येतं. सीनियरची जर्नल हे तर आपल्याकडचं खरं मॅन्युअल.

पुढच्या वर्षी मी अर्धे प्रयोग काढून कोडी दिली. पहिलं कोडं कुळागराचं, म्हणजे आपल्याकडच्या पोफळीच्या बागेचं: विहिरीवर पंप आहे, खालच्या पोफळींना पाणी भरपूर, वरच्या टप्प्यावर करंगळीएवढी धार. मालक म्हणतो मोठा पंप घेतो. घ्यावा का? पाइप, सांधे आणि पंप लॅबमध्येच मांडून दिले. पहिल्या आठवड्यात सगळ्या गटांचं उत्तर एकच, मोठा पंप. दुसऱ्या आठवड्यात एका मुलीनं पाइपचा व्यास मोजला. मधला तुकडा ४० ऐवजी २५ मिलिमीटरचा होता. प्रवाह तोच ठेवला तर व्यास कमी होतो तशी घर्षणातली हानी त्याच्या पाचव्या घातानं वाढते, म्हणजे जवळजवळ साडेदहा पट. वर्गात फळ्यावर मी हे किती वेळा लिहिलं असेन!

पण माझ्या लक्षात राहिला तो दुसराच गट. तुकडा बदलूनही त्यांचं रीडिंग हिशेबाशी जुळेना. तिघं दारात येऊन उभे राहिले, "सर, आमचं कायतरी चुकतंय." हे वाक्य मॅन्युअलच्या इतक्या वर्षांत मला कुणी ऐकवलं नव्हतं. सक्शनच्या सांध्यातून पंप हवा ओढत होता. त्यांच्यातल्या एकानं घरी आजोबांना बघितलेलं, त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून सांध्यावर घट्ट गुंडाळली आणि धार सुधारली.

कोड्यांचे त्रास आहेतच. चौघांच्या गटात एक राबतो, एक लिहितो, दोघं कॅन्टीनमध्ये भजी-पाव खातात. त्यावर मी व्हायवाला (तोंडी परीक्षेला) चिठ्ठी काढतो. जिचं किंवा ज्याचं नाव निघेल त्याचे गुण अख्ख्या गटाला. कुरकुर होते, पण भजी-पाव कमी झाले. कोडं मोठं असलं की वेळही हाताबाहेर जातो. झुआरी नदीकाठच्या खाजनातल्या, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीतल्या, मानशीचं (बांधातल्या पाण्याच्या दाराचं) कोडं द्यायची मला फार हौस. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं दार उघडतं आणि भरतीला आपोआप मिटतं. यापेक्षा सुंदर हायड्रॉलिक्स कुठलं? पण ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते आणि आपला बुधवारचा दोन ते चारचा तास जागचा हलत नाही. शेवटी लॅबमधल्या फ्ल्यूममध्ये (पाणी वाहवायच्या लांब पन्हळीत) प्लायवूडचं दार लावून भागवलं.

डेन्मार्कमधलं ऑलबोर्ग विद्यापीठ १९७४ पासून प्रकल्पांवरच चालतं, असं कुणी ऐकवेलच. तिथं त्यासाठी सेमिस्टरचा जवळजवळ अर्धा वेळ राखून ठेवतात. आपल्याला आठवड्याला दोन तास मिळतात आणि त्यातली पंधरा मिनिटं हजेरीत जातात. तेव्हा तिथलं जसंच्या तसं आणू नका. ॲक्रेडिटेशनच्या फायली म्हणाल, तर दोन्हीकडे तेवढ्याच जाड.

तुमच्याकडे लॅब असिस्टंट नसेल किंवा बॅच तिसाच्या वर असेल, तर यंदा मॅन्युअलच चालवा. नाहीतर पहिले तीन-चार प्रयोग मॅन्युअलनं, हात बसेपर्यंत, आणि पुढे दोन कोडी. दोनच. मी तरी आता मागे फिरणार नाही.

आणि हो, भिंतीवरचा तो ऑइलपेंटचा आकडा मी पुसलेला नाही. दर जुलैत नवी बॅच येते, तेव्हा त्याबद्दल काही बोलतही नाही.