जर्मनीची क्रांकनकासं आणि कोल्हापुरात मोडलेला पाय : पाचपैकी तीन स्टार

आधी स्टार सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. माझ्या जर्मन हेल्थ इन्शुरन्सला, ज्याला तिकडं क्रांकनकासं म्हणतात, पाचपैकी तीन. कोल्हापुरात ज्या हॉस्पिटलात पाय जोडला त्यांना ऑपरेशनसाठी पाच आणि कागदासाठी दोन. राजारामपुरीत जर्मनचे क्लास घेणाऱ्या एका मॅडम आहेत त्यांना पाच, सहा असते तर सहा. नावं कुणाचीच घेत नाही. कासंचं नाव घेऊन तसाही फायदा नाही, सरकारी पद्धतीच्या सगळ्या कासंना या बाबतीत कायदा एकच आहे, फरक फक्त फोन किती वेळ वाजतो याचा.

तर झालं असं. मी स्टुटगार्टजवळ सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर आहे, आधी शिरोली एमआयडीसीत होतो. २०२५ च्या गणपतीला तीन आठवड्यांची रजा टाकून आलो, सोमवारी रजा सुरू, बुधवारी गणपती बसले आणि गुरुवारी, ऋषिपंचमीच्या संध्याकाळी, भावाची स्प्लेंडर घेऊन दूध आणायला निघालो ते रंकाळ्याच्या वळणावर खड्डा, पाऊस, आणि समोरून रिक्षा. रिक्षावाल्याची चूक नव्हती, उलट त्यानंच उचलून हॉस्पिटलात नेलं आणि भाडं घेतलं नाही. नडगीचं हाड दोन ठिकाणी. रात्रीच ठरलं की रॉड टाकायचा.

आता इथं पहिली गोष्ट जी मला माहीत होती आणि तिनंच वाचवलं. जर्मनीत आजारी पडलं की पहिले सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस, कंपनीच पूर्ण पगार देते (नोकरीला चार आठवडे झालेले असले पाहिजेत, नवीन पोरांनी लक्षात ठेवा). आणि हे परदेशात आजारी पडलं तरी लागू आहे, रजेवर असलं तरी. अट एवढीच की जमेल तितक्या लवकर कळवायचं, आणि तीन गोष्टी कळवायच्या : काम करू शकत नाही, अंदाजे किती दिवस, आणि सध्या कुठं आहात तो पत्ता. कळवायचा खर्चसुद्धा कंपनीनं द्यायचा असं कायद्यात लिहिलंय, पण ई-मेलचं काय बिल लावणार. मी सलाईन लावलेल्या हातानं मोबाइलवरून एचआरला आणि कासंला दोघांना मेल केला.

पत्त्यावरून जी गंमत झाली ती सांगतोच. मी आपला सवयीनं लिहिलं, अमुक गल्ली, मारुतीच्या देवळामागं, पाण्याच्या टाकीजवळ. दुसऱ्या दिवशी एचआरच्या बाईचं उत्तर, लवकर बरे व्हा, आणि कृपया घर क्रमांक कळवा. आता आमच्या घराला नंबर आहे पण तो फक्त घरफाळ्याच्या पावतीवर आहे. पप्पांनी कपाटातल्या सगळ्या पिशव्या उपसून पावती शोधली आणि तो नंबर जर्मनीला गेला.

मग सर्टिफिकेट. डॉक्टर माणूस सोन्यासारखा, हात तर एकदम हलका. पण कागद काय दिला, लेटरहेडवर तीन ओळी, पेशंट ॲडव्हाइज्ड बेड रेस्ट फॉर थ्री वीक्स, खाली सही म्हणजे गांडुळाला शाईत बुडवून सोडल्यासारखी. निदान नाही, कधीपासून कधीपर्यंत नाही, शिक्का अर्धा कागदाबाहेर. मी स्कॅन करून पाठवला. चार दिवसांनी उत्तर, अगदी गोड भाषेत : विश्रांती सांगितली आहे हे समजलं, पण आपण आपलं काम करू शकता की नाही हे डॉक्टरांनी लिहिलेलं नाही, आणि तसा दाखला येईपर्यंत पगार रोखून ठेवण्याचा आम्हाला अधिकार आहे.

भाऊ हा मेल घेऊन डॉक्टरांकडं गेला. डॉक्टर म्हणाले, "अरे बाळा, नडगी मोडलीय, आत रॉड आहे, तो फिट कसा असेल? हे वेगळं लिहायला लागतंय व्हय?" लागतंय. आजारी असणं वेगळं आणि आजारामुळं कामाला असमर्थ असणं वेगळं, हा फरक डॉक्टरनं केलाय हे बाहेरच्या देशातल्या सर्टिफिकेटवरून दिसलं पाहिजे असं तिकडच्या कोर्टांचं कित्येक वर्षांचं म्हणणं आहे. टायपिस्टला हात मोडला तर अडचण, पाय मोडला तर कदाचित नाही. मी आठ तास मशीनपुढं उभा असतो हे त्या कागदावर यायला पाहिजे होतं.

आणि मग डॉक्टर जे म्हणाले ते अगदी आपलं कोल्हापुरी प्रेम : "किती लिहू सांग, तीन महिने लिहू का? दिवाळी करूनच जा." भाऊ तर हो म्हणूनच आला होता. मी नको म्हटलं आणि घरात दोन दिवस माझ्यावर नाराजी. आपल्याकडं सर्टिफिकेट म्हणजे उपकार, ओळखीवर मिळणारी चीज, जितकं जास्त तितकं डॉक्टरचं मन मोठं. तिकडं तेच जास्त असलं की संशय. माझ्या मशीनवरच्या तुर्की मित्रानं फोनवर एक केस सांगितली, ती नंतर मी स्वतः वाचली. एक गोदाम कामगार रजेवर ट्युनिशियाला गेला होता, तिथल्या डॉक्टरनं त्याला २४ दिवस कडक विश्रांती लिहून दिली, हालचाल नको, प्रवास नको. आणि या गड्यानं दुसऱ्याच दिवशी परतीच्या बोटीचं तिकीट काढलं, तेही सर्टिफिकेट संपायच्या आदल्या दिवसाचं. कंपनीनं पगार अडवला आणि १५ जानेवारी २०२५ ला जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयानं सांगितलं की एकेक गोष्ट सुटी बघू नका, सगळं मिळून बघा, अशानं सर्टिफिकेटवरचा विश्वास डळमळू शकतो. म्हणून माझं म्हणणं होतं, तीन आठवडे लिहा, मग एक्सरे काढून परत बघा आणि पुढचं लिहा.

इथं राजारामपुरीच्या मॅडम आल्या. वहिनीच्या मैत्रिणीकडून नंबर मिळाला. मॅडम घरी आल्या, मी पलंगावर, पाय उशीवर, त्यांनी आधी भाषांतराला हातच लावला नाही. एका कोऱ्या कागदावर इंग्रजीत नमुना काढून दिला : पूर्ण नाव पासपोर्टप्रमाणं, जन्मतारीख, तपासल्याची तारीख, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मशीन ऑपरेटर म्हणून काम करण्यास असमर्थ, पुढची तपासणी कधी, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर, हॉस्पिटलचा फोन. "हे घेऊन जा, सरांना फक्त वाचून योग्य वाटलं तर सही करू दे, आणि शिक्का कागदाच्या आत मारा म्हणावं." मग त्या इंग्रजीचं जर्मन केलं, पानाला सहाशे रुपये. आर्बाइट्सउनफेहिग, म्हणजे कामाला असमर्थ, हा एवढा मोठा शब्द त्यात ठळक केला आणि मला म्हणाल्या, "सगळा पगार या एका शब्दावर आहे बघा." खरंच होता. तो कागद गेला आणि तिसऱ्या दिवशी एचआरचं ओके. तिकडच्या डॉक्टरनं दिलेलं असलं सर्टिफिकेट १ जानेवारी २०२३ पासून कंपनी कासंकडून इलेक्ट्रॉनिकच मागवून घेते, पेशंटला कागद पाठवायला लागत नाही, पण आपला डॉक्टर त्या सिस्टिममध्ये नाही, त्यामुळं इकडून सगळं आपणच पाठवायचं.

एक गोड बातमी मधेच. रजेत आजारी पडलं आणि सर्टिफिकेट असलं की ते दिवस रजेतून कापत नाहीत. माझी कामाच्या १५ दिवसांची रजा होती, त्यातली चारच संपली, ११ परत खात्यावर आली. मामा म्हणाले पाय मोडून घेणं परवडलं की रे. पण म्हणून रजा आपल्या मनानं पुढं ढकलता येत नाही, ती नंतर परत अर्ज करूनच घ्यायची.

आता कासंनं दोन स्टार कुठं घालवले ते. पहिलं, हॉस्पिटलचं बिल. हॉटलाइनवरचा माणूस म्हणाला पाठवून द्या, बघतो. एक लाख चाळीस हजाराचं बिल स्कॅन केलं, औषधांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, पाठवलं. उत्तर, भारतातला उपचार आम्ही देत नाही. नियम बरोबर आहे त्यांचा, युरोपबाहेर ज्या देशाशी आजारपणाचा करार आहे तिथंच ते लागू होतं. तुर्की मित्राला गावी गेल्यावर उपचार मिळतो कारण जर्मनी-तुर्की करारात आजारपण आहे. आपल्या देशाबरोबरचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे पण त्यात पेन्शन आहे, दवाखाना नाही. मग हे फोनवरच सांगायचं की, बघतो कशाला म्हणायचं? चूक माझीपण, वेगळा परदेश-आजार इन्शुरन्स वर्षाला दहा-वीस युरोत मिळतो आणि मी तो घेतला नव्हता, गावी जायला कसला इन्शुरन्स म्हणून. ते एक लाख चाळीस हजार माझे गेले.

दुसरं जरा किचकट आहे. ४२ दिवस संपले की कंपनीचा पगार बंद आणि त्रेचाळीसाव्या दिवसापासून कासं पैसे देते, त्याला क्रांकनगेल्ड म्हणतात. ग्रॉसच्या, म्हणजे कापाकापीच्या आधीच्या पगाराच्या, ७० टक्के, पण हातात येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. एकाच आजाराला तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत. शिरोलीत ईएसआयसीत, म्हणजे आपल्याकडच्या कामगार विम्यात, होतो तिथं ७० टक्के आणि वर्षात ९१ दिवस होतं, त्या हिशोबानं तिकडचं लई मोठं काम आहे. पण ग्यानबाची मेख अशी की हे क्रांकनगेल्ड तुम्ही भारतात असाल तर थांबतं. हक्क जात नाही, झोपतो म्हणा. कासंनं आधी मंजुरी दिली तरच चालू राहू शकतं, आणि मंजुरी द्यायची का नाही ते तीच ठरवणार.

माझे ४२ दिवस ९ ऑक्टोबरला संपत होते. घरचे सगळे म्हणत होते दिवाळीपर्यंत राहा, आई तर भाजणीचा हिशोबसुद्धा करून बसली होती. मी १५ सप्टेंबरला कासंला ॲपमधून विचारलं, डॉक्टर म्हणतात लांबचा प्रवास अजून नको, मी ऑक्टोबरअखेरपर्यंत इथं राहू का, क्रांकनगेल्ड मिळेल का. दोन दिवसांनी ठरलेलं उत्तर, आपला संदेश मिळाला. दहा दिवसांनी फोन लावला, ४० मिनिटं ते पियानोचं संगीत, आंतरराष्ट्रीय कॉलचा रेट लागतोय, शेवटी बाई म्हणाल्या प्रकरण संबंधित विभागाकडं आहे. त्यांना हो म्हणायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं, माणूस तिकीट तरी काढतो. २९ तारखेपर्यंत काहीच नाही. इतक्यात नवीन एक्सरे बरा आला आणि डॉक्टरांनी वॉकरवर प्रवासाला परवानगी दिली, तसं कागदावर लिहूनही दिलं, ट्युनिशियावाल्यासारखं नको म्हणून तिकिटाच्या आधीची तारीख घालून.

दसऱ्याला पोरं दसरा चौकातून सोनं घेऊन आली, माझ्या प्लास्टरवर आपट्याची पानं ठेवून पाया पडली, आणि ५ तारखेला निघालो. मुंबईपर्यंत मामाची गाडी, मागच्या सीटवर आडवा, पुढं व्हीलचेअर. विमानतळावर व्हीलचेअर ढकलणारा पोरगा गडहिंग्लजचा निघाला, त्यालाही स्टार द्यायला पाहिजेत.

पोचल्यावर त्याच दिवशी एचआरला आणि कासंला कळवलं की परत आलोय, हेसुद्धा कायद्यात आहे आणि बरेच जण विसरतात. दुसऱ्या दिवशी तिकडच्या डॉक्टरकडं, जुन्या सर्टिफिकेटला जोडून नवीन, मधे एकही दिवस मोकळा न सोडता. कासंला असमर्थता आठवड्याच्या आत कळवली नाही तर तेवढे दिवस पैसे थांबतात, म्हणून हा जोड महत्त्वाचा.

इथून पुढं मात्र कासं सुतासारखी सरळ. पगार ग्रॉस ३६००, हातात २३४० धरा. सत्तर टक्के होतात २५२०, पण नव्वदची मर्यादा २१०६, म्हणून लहान आकडा. दिवसाला ७० युरो २० सेंट, त्यातून पेन्शन, बेकारी आणि शुश्रूषा विम्याचं कापून ६१ च्या आसपास. १० ते ३१ ऑक्टोबर, २२ दिवसांचे तेराशे चाळीसच्या जवळपास, नोव्हेंबरात खात्यावर, एक सेंट इकडं नाही का तिकडं नाही. तीन स्टार या कारणासाठी.

आणि दिवाळीच्या आठवड्यात, आईनं कुरिअरनं पाठवलेल्या चकल्यांचा चुरा चमच्यानं खात बसलो होतो, तेव्हा पेटीत कासंचं पत्र आलं. स्टुटगार्टच्या पत्त्यावर. आपण कोल्हापूर येथील मुक्काम वाढवण्याबाबत केलेल्या विचारणेवर निर्णय घेण्यासाठी आम्हाला आणखी दोन कागदपत्रांची आवश्यकता आहे, कृपया १४ दिवसांत पाठवावीत.